दिवा दिसला, पुढे काय? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : सीमेवरील अनोळखी प्रकाशबिंदूंच्या नोंदी

महोदय,

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये लष्कराने अज्ञात उडत्या वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. संशय चिनी ड्रोनचा होता. पँगाँग सरोवराजवळ फिरते रडार आणि रेडिओ संकेत टिपणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नेला. हाती काहीच लागले नाही. अखेर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ओळख पटवली : रात्रीचा तो गुरू, पहाटेचा शुक्र.

यात जवानांना हसण्यासारखे काही नाही. ३ डिसेंबरला गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे सूर्यास्ताला उगवून रात्रभर आकाशात. सव्वाचार हजार मीटरवरच्या विरळ हवेत शुक्र सूर्योदयानंतरही दिसत राहतो. काळोखात एकाच बिंदूकडे टक लावली की तो सरकल्याचा भास होतो. रडारवर काही उमटले नाही, हाच खरा धागा होता. पण अशा वेळी शत्रूच्या नव्या तंत्रज्ञानाची शंका आधी येते.

चौकीच्या नोंदवहीत तीन आकडे हवेत : जीपीएसची वेळ, होकायंत्राची दिशा अंशांत आणि क्षितिजापासूनचा कोन. कोन मोजणारा क्लिनोमीटर नसेल तर ताणलेल्या हाताची मूठ साधारण १० अंश. दर १० मिनिटांनी, तासभर. ग्रह तासाला १४-१५ अंश सरकतो. ‘५ किलोमीटरवर दिसला’ असे मात्र लिहू नये. रात्री एकट्या दिव्याचे अंतर डोळ्याला कळत नाही.

निर्णायक कसोटी दोन चौक्यांची. नजरेच्या रेषेला आडव्या, ५ किलोमीटर अंतरावरच्या दोन चौक्यांनी एकाच क्षणी दिशा मोजावी. वस्तू २० किलोमीटरवर असेल तर सुमारे १४ अंशांचा फरक पडेल. ग्रह असेल तर शून्य. हे फसते ते दोन कारणांनी : होकायंत्र रायफल, गाडी किंवा बंकरच्या पत्र्याजवळ धरले जाते, नाहीतर घड्याळे जुळत नाहीत. १० मिनिटांच्या चुकीने ग्रहाच्या दिशेतही काही अंशांची खोटी तफावत येऊ शकते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अज्ञात उडती वस्तू दिसल्याने इंफाळ विमानतळाची उड्डाणे थांबवून राफेल पाठवावी लागली, तेव्हा हा प्रश्न लडाखपुरता नाही. कोलकात्याच्या पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटरकडून ग्रहांच्या उदयास्ताचे मासिक तक्ते प्रत्येक सेक्टरसाठी करून घ्यावेत आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपले,
महाराष्ट्रातील काही आकाशनिरीक्षक