मॅडम, तुम्ही टेप लावून उंची मोजायच्या म्हणून

आदरणीय मॅडम,

तुमच्या निरोप समारंभात सरपंचांपासून शाळा समितीपर्यंत सगळे बोलले. मी शाल-नारळ दिला आणि गप्प जाऊन बसले. मला जे बोलायचं होतं ते मंडपात, माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. तुम्हाला विचारून ते आता इथे लिहिते. लेकीचं नाव लिहीत नाही. आमचं गाव राळेगावकडचं, एवढं पुरे.

ती दुसरीत होती. प्रगतीपुस्तकात मुलांची उंची-वजन लिहायची असते, आणि ती कशी भरली जाते हे तुम्हीही जाणता. तुम्ही मात्र चपला काढायला लावून, भिंतीला टेप लावून मोजायच्या. म्हणून तुमच्या लक्षात आलं की या वयात पोरं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात आणि ही जवळपास दुप्पट वाढली. घरी तर कौतुक चाललं होतं. सासूबाई म्हणायच्या, "माह्या मायवर गेली पोट्टी, उंच निघन."

तुम्ही मला शाळेत बोलावलं असतं तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, चहा घेतलात, सासूबाई आत गेल्यावर हळूच विचारलंत, "आंघोळ घालताना छातीत काही फरक दिसतो का?" दिसत होता. मुलगी ८ वर्षांच्या आत, मुलगा ९ वर्षांच्या आत वयात येऊ लागला तर डॉक्टरांना दाखवायचंच, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. "काऊन घाबरता जी, दाखवून तर या," असंही म्हणालात.

नागपूरला हार्मोनच्या डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढला. पोरगी सात वर्षांची, हाडं दहा वर्षांची. हाडं अशी लवकर पिकली की त्यांची वाढ लवकर थांबते, म्हणजे आज वर्गात सगळ्यांत उंच असलेली मुलगी मोठेपणी ठेंगणी राहू शकते. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. सहा वर्षांवरच्या मुलींना मेंदूचा एमआरआय लागतोच असं नाही, पण हिचा वेग जास्त म्हणून तोही केला. त्यात निघाली पिनिअल सिस्ट, म्हणजे मेंदूतल्या एका ग्रंथीत पाण्याची बारीक पिशवी, ६ मिलीमीटरची.

मॅडम, खरे आभार त्या आठवड्याचे. "डोक्यात गाठ" हे दोन शब्द कुठून सुटले कोण जाणे. कुणी म्हणे मुंबईला टाटात न्या, कुणी ऑपरेशनचा खर्च सांगे, कुणी बॉयलर कोंबडीला शिव्या घाले. यांनी तर शेत गहाण ठेवायची भाषा सुरू केली. तुम्ही रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरांना फोन लावलात, स्पीकरवर, आणि आम्हाला विचारायचं सुचत नव्हतं ते सगळं विचारलंत.

डॉक्टर म्हणाले, पिनिअल ही मेंदूच्या मधोमध असलेली वाटाण्याहून लहान ग्रंथी, रात्री मेलॅटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन बनवते. तिच्यात पाण्याने भरलेली अशी बारीक पिशवी धडधाकट माणसांतही सापडते, एमआरआय केलेल्या शंभरात एक-दोघांना तरी. लवकर वयात आलेल्या काही मुलांत ती दिसली आहे, पण तिच्यामुळेच तसं झालं असं सिद्ध झालेलं नाही. मुलींत बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. पिनिअलमधला ट्यूमर वेगळा. १८९८ साली ह्यूबनर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी साडेचार वर्षांच्या मुलात तसा ट्यूमर आणि अकाली वयात येणं एकत्र पाहिलं होतं, तेव्हापासून या ग्रंथीवर संशय आहे. मुलगा लवकर वयात आला तर मेंदूचा एमआरआय करतातच, कारण त्यांच्यात असं कारण सापडण्याची शक्यता जास्त. हिची पिशवी साधी आहे, कुठे दाबत नाही, हात लावायची गरज नाही. यांनी तो फोन संपल्यावर दोन भाकरी खाल्ल्या. चार दिवसांत पहिल्यांदा.

इलाज वयात येणं थांबवणाऱ्या इंजेक्शनचा, दर चार आठवड्यांनी, तारीख चुकवायची नाही. ते थंड ठेवावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसचं ऊन आणि लाइटचा भरवसा नाही, म्हणून ते तुमच्या तालुक्याच्या घरातल्या फ्रीजमध्ये राहायचं. डब्यावर तुम्ही लोणच्याची चिठ्ठी लावायच्या, घरच्या कामवालीनेही विचारू नये म्हणून! हसू येतं आता. वर्गातल्या पोरांनी "मोठी बाई" म्हणून चिडवलं तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते लेक आजही सांगत नाही, पण चिडवणं बंद झालं.

आता वाढीचा वेग पूर्वीसारखा झालाय, छातीचा बदल तिथेच थांबला. साधारण अकराव्या वर्षापर्यंत इंजेक्शन चालेल, मग बंद करून पाळी आपल्या वेळेला येऊ द्यायची. औषध आता आशाताईंच्या मुलाच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये असतं. त्यालाही काय आहे ते माहीत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा हाताचा एक्स-रे आहे. रिपोर्ट आला की फोन करते. या बाजूला आलात तर जेवायलाच या, गोळाभात करते.

तुमच्या विद्यार्थिनीची आई