वडिलांचं नाव मध्ये

द हेग, १७ नोव्हेंबर

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही चिडलात आणि मीही घाईत फोन ठेवला, म्हणून हे पत्र. "ज्यांनी मार खाल्ला त्यांच्याकडेच पुरावा मागता? लाज नाही वाटत?" असं तुम्ही म्हणालात. वाटते, नाना. तरी मागावा लागतो. फोनवर ते नीट सांगता आलं नाही.

मी 'बोस्नियाचे जुने कागद लावते' एवढंच तुम्ही सगळ्यांना सांगता. ते कागद आहेत प्रियेदोर भागातले. तिथे ओमारस्का नावाची लोखंडाची खाण आहे. तिथलं युद्ध चालू असताना, १९९२च्या मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत बोस्नियन सर्बांनी तिथे मुस्लिम आणि क्रोएट लोकांना डांबलं. एका वेळी तीन हजारांपर्यंत माणसं असावीत, असं इथल्या, युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायालयाच्या निकालात आहे. सुटून आलेले लोक 'पांढऱ्या घरा'बद्दल बोलतात. तिथे नेलेला माणूस सहसा परत यायचा नाही. आणि 'पिस्ता' म्हणतात ते आवारातल्या काँक्रीटच्या पट्ट्याला. शेकडो माणसं दिवसच्या दिवस उन्हात त्यावर पालथी पडून असायची. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला सुका मेवा आठवला होता. अजून ओशाळायला होतं.

आमच्याकडे प्रत्येक जबानीला तीन रकाने असतात: स्वतः पाहिलं, तेव्हा ऐकलं, नंतर कळलं. तुम्ही पंचनाम्यात 'समक्ष पाहणी केली' आणि 'गावकऱ्यांच्या सांगण्यावरून' हे वेगवेगळं लिहायचात ना, तसंच. ज्याने पांढऱ्या घरातल्या किंकाळ्या ऐकल्या तो खोटारडा नाही, पण मारणाऱ्याचा चेहरा त्याने पाहिलेला नाही. वीस-पंचवीस वर्षांनी सांगताना त्याच्याच मनात हे दोन एक झालेले असतात. म्हणून आधी नकाशा काढायचा, तो कुठल्या खोलीत होता, खिडकी कुठल्या बाजूला होती, ते बघायचं. तारीख चुकली तर मी फारशी बिचकत नाही. छावणीत कॅलेंडर कुठलं? पण दोघांच्या जबान्या शब्दाला शब्द जुळल्या की मी थांबते.

सगळ्यात भक्कम जबान्या कोणाच्या, सांगू? बायकांच्या. ओमारस्कात सदतीसेक बायका होत्या. त्यातली एक युद्धाआधी प्रियेदोरची न्यायाधीश. त्यांना खानावळीत वाढायला लावलं होतं. कैद्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळे, तीस-तीसच्या रांगेने, तेही दोन-चार मिनिटांत. काल ताट घेऊन गेलेला आज रांगेत नाही, हे त्यांना रोज दिसायचं. रात्री झोपायचं त्याच इमारतीत, दिवसा चौकशी चालायची त्या खोल्यांत, आधी तिथलं रक्त पुसून. कोण कधीपासून दिसेनासा झाला, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणीच सांगत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. इथल्या त्या न्यायालयात पहिलाच खटला प्रियेदोर भागातल्याच दुश्को तादिच या सर्बाचा उभा राहिला, १९९६ साली. त्यात 'एल' अशा टोपणनावाने, पडद्याआड एक साक्षीदार आला. आपण त्याच भागातल्या त्रनोपोल्ये छावणीत पहारेकरी होतो म्हणाला, तादिचवर खून-बलात्काराचे भयानक आरोप केले. वडील वारले, असंही सांगून बसला. बचाव पक्षाने ते जिवंत वडील शोधून काढले आणि त्याच्यासमोर उभे केले. मग सगळंच कोसळलं. बोस्नियाच्या पोलिसांनी आपल्याला पढवलं, असं तो म्हणाला. अभियोग पक्षाने त्याची साक्ष मागे घेतली. तादिच दोषी ठरला खरा, १९९७ मध्ये, पण इतरांच्या साक्षींवर. आणि त्या इतरांना, खरोखर मार खाल्लेल्यांना, त्यानंतर 'तुम्हालाही कोणी पढवलंय का?' हे ऐकून घ्यावं लागलं. मला राग येतो तो या गोष्टीचा. वडील जिवंत आहेत की नाही, हे विचारायला अभियोग पक्षाला किती वेळ लागला असता?

आणि नाकारणारे टपलेलेच असतात. त्रनोपोल्येत तारेमागे उभ्या हडकुळ्या माणसांचं चित्रण १९९२च्या ऑगस्टमध्ये जगभर दिसलं. ते फसवं आहे, असं १९९७ मध्ये लंडनच्या एका मासिकाने छापलं. चित्रण करणाऱ्या वाहिनीने खटला भरला, छावणीतल्या डॉक्टरने लंडनला येऊन साक्ष दिली, आणि मार्च २००० मध्ये मासिक हरलं. तरी तीच कंडी अजून फिरते.

त्या युद्धातल्या मृतांच्या आकड्याचंही तसंच. वर्षानुवर्षं सगळे दोन लाख म्हणत. सारायेवोत मिर्साद तोकाचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक नाव तपासलं, तर २००७ मध्ये आकडा निघाला ९७,२०७. स्वतःच्याच लोकांनी त्यांना बोल लावले. पण आता त्या यादीतल्या नावाला हात लावायची कोणाची टाप नाही.

एक चूक माझीही, तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकच माणूस लॅटिन आणि सिरिलिक लिपीत दोनदा येतो, टोपणनावाने तिसऱ्यांदा. ही दुबार नावं काढायचं काम माझ्याकडे आहे. मार्चमध्ये मी एक नाव असंच दुबार म्हणून उडवलं. नाव तेच, आडनाव तेच, गावही तेच. शेजारच्या टेबलावरची बाई त्याच भागातली. तिने यादी पाहिली, काही बोलली नाही, फक्त कंसावर बोट ठेवलं. तिकडेही आपल्यासारखंच नाव आणि आडनावाच्या मध्ये वडिलांचं नाव लिहितात, कंसात. कंसातली नावं वेगळी होती. दोघे चुलत भाऊ, दोघेही गेलेले. तुम्ही सातबारावर वडिलांचं नाव गाळलं म्हणून एका कोतवालाला फैलावर घेतलं होतं, ते मला शाळेत असताना अति वाटलं होतं.

नाव परत घातलं. बाई दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कॉफी घेऊन आली, त्यांची ती पितळी भांड्यातली, गाळ खाली बसू द्यायची असते.

आईला सांगा, मेतकूट पोचलं. पिशवी फुटली होती, पण निम्मं वाचलं. गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? 'काढला' असं नुसतं सांगू नका, फोटो पाठवा.

तुमची,
सुमा