श्रेडरच्या पात्यांबाबत

सर्व सभासदांना नमस्कार,

द्राक्षाची खरड छाटणी तोंडावर आली आहे. गटाचा श्रेडर (छाटलेल्या काड्यांचा चुरा करणारं मशीन) सध्या काड्या कापण्याऐवजी चेचून धागे काढतोय, म्हणजे पाती बोथट झाली. पाती खोलण्याआधी ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात ठेवा, पात्यांचं चाक पूर्ण थांबू द्या आणि मगच पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद श्रेडरला देणारा दांडा) सोडवा. यात कृपया अजिबात घाई नको, हात जातो. धार फक्त पात्याच्या तिरप्या, उताराच्या बाजूने, मूळ कोनातच लावा. ग्राइंडरवर पातं निळं पडलं की त्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं; थोडं थोडं घासून पाण्यात बुडवत राहा. सगळी पाती सारखीच घासा, नाहीतर मशीन थरथरतं. काड्यांत बांधणीची तार राहू देऊ नका.