मनूसाठी शब्द टाकू नका

दादर, मुंबई

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस सा. न.

फोनवर हा विषय निघाला की आई रडवेली होते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन अंगणात निघून जातात. म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुमच्या बँकेतल्या स्नेह्यांना मी कळवलंय, मनूसाठी कुणाकडे शब्द टाकू नका म्हणून. गाइल्स शिल्ड क्रिकेट स्पर्धेसाठी शाळेच्या संघात त्याचं नाव आलं नाही, ते तसंच राहू दे. जन्मभर कुणापुढे हात पसरला नाहीत तुम्ही, आणि नातवासाठी तेवढं केलंत, हे मला कळतं. रागावू नका. पण असा तो आत शिरला असता, तर पहिल्यांदा शून्यावर बाद झाल्यावर त्याला वाटलं असतं, आपण इथले नव्हतोच. भाईकाकांच्या वेळी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. स्पर्धा 14 वर्षांखालच्या मुलांची आहे, त्याच्या हातात अजून पुढचं वर्ष आहे. आणि ते नसतं तरी मी हेच केलं असतं.

सचिनची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होतीत. 1987 साली मुंबईचा सर्वोत्तम ज्युनियर खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला नाही, तेव्हा गावसकरांनी त्याला पत्र लिहिलं. आधीच्या विजेत्यांची यादी बघ, त्यात एक नाव नाही, आणि त्या माणसाचं कसोटीत काही फार वाईट झालं नाही, अशा अर्थाचं. त्याच वर्षी त्या माणसाच्या, म्हणजे खुद्द गावसकरांच्या, कसोटीत 10,000 धावा झाल्या होत्या! तो पुरस्कार काही त्या पत्राने मिळाला नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅट उचलावीशी वाटली असणार. बाबा, मनूला तुमच्याकडून तसं पत्र हवंय. तुमच्या अक्षरातलं.

त्याची खुशाली सांगते, म्हणजे आईला घास गोड लागेल. सुरुवातीला त्याने किटबॅग पलंगाखाली ढकलून दिली, ताटातलं टाकायचा. आता तुझं मेतकूट आणि तूप-भात मागून घेतो. झोप लागते. पाय दुखले की रात्री मी तेल चोळते, तू पाठवलेलंच. शिवाजी पार्कला नेट्सना पुन्हा जायला लागलाय. आपण कुठे कमी पडलो, हे सरांना विचारायला तो एकटा गेला. मी येते म्हटलं तर नको म्हणाला. लेगस्पिनला पाय क्रीजमध्येच अडकतो, असं सर म्हणाले. घरी येऊन हे सांगताना रडला नाही, उलट हॉलमध्ये पाय टाकून दाखवत होता.

म्हणूनच, आई, ‘चिपळूणला धाड, क्रिकेट विसरेल’ हे मला पटलं नाही. दिवाळीत आम्ही येतोच आहोत, चकली खायला. विसरायला नाही.

तुम्हाला बाजूला सारते आहे, असं मात्र मनात आणू नका. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर या बाईंनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशा हालात वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे कर्ती, मायाळू माणसं झाली. त्यांच्या पाठीशी कुणीतरी एक माणूस कायम होता, आणि पुष्कळदा ते आजी किंवा आजोबा होते. मनूचे तसले हाल नाहीत, देवदयेने सगळं आहे. पण तुम्ही त्याला लागताच.

स्कॉलरशिपच्या यादीत माझं नाव नव्हतं, तेव्हा बाबा, तुम्ही शाळेत भांडायला गेला नाहीत. गिरगावच्या स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणालात, आज पोळ्या हिला लाटू दे. माझ्या त्या वाकड्या, करपलेल्या पोळ्या तुम्ही दोघांनी खाल्ल्यात आणि यादीचं नावही काढलं नाहीत. अजून आठवलं की तुमच्या मांडीवर डोकं ठेवून पडावंसं वाटतं.

आता ऐका. रविवारी तो फोन करेल. ‘सरांना काही कळत नाही’ असं म्हणायचं नाही, आणि ‘तू तर हुशारच आहेस’ हेही नको. काय काय करून बघितलंस, ते विचारा. रडला तर रडू द्या, घाईने गप्प करू नका. आणि तेवढ्यासाठी त्याला पैसे पाठवायचे नाहीत, बाबा!

तुमची,
पमू

ता. क. बाबांनी बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर लगेच घ्यायची, पेपर वाचून झाल्यावर नाही. माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढू नका, मी आले की काढीन. आई, गुडघ्याचा एक्स-रे दिवाळीवर ढकलू नकोस.