बाळंतिणीला सोबत हवी, ती चैन नव्हे

महोदय,

डूलांवरचा, म्हणजे गरोदरपणी, प्रसूतीच्या वेळी आणि नंतर बाईला सोबत करणाऱ्या प्रशिक्षित बायकांवरचा, आपला कालचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण ‘सुखवस्तू घरांतली नवी हौस’ हे शब्द वाचल्यापासून डोकं शांत झालेलं नाही. लेखात डॉक्टर बोलले, रुग्णालयाचे व्यवस्थापक बोलले. एका तरी बाळंतिणीला विचारायचं होतंत.

माझ्या धाकट्या बहिणीकडे सहाव्या महिन्यापासून आमच्याच वस्तीतली एक बाई येत असे. डूलाचं प्रशिक्षण घेतलेली, स्वतः लेकुरवाळी. कळा सुरू झाल्यावर दर कळेला ती बहिणीच्या कमरेवर तळहाताने दाब देत उभी होती. पण खरा प्रसंग पुढचा. घरी आल्यावर काही दिवसांतच बहिणीचं डोकं ठणकू लागलं. जागरणाने दुखत असेल, असं घरात सगळे म्हणत होते. ही बाई आली होती बाळ नीट दूध ओढतंय का ते बघायला. बहिणीचा चेहरा बघून तिने विचारलं, ‘‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात का गं?’’ चमकत होते. तिने आम्हाला तडक दवाखान्यात पिटाळलं. रक्तदाब भलताच चढला होता.

गरोदरपणी रक्तदाब ठीक असला तरी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत तो असा चढू शकतो, झटकेही येऊ शकतात. घरी सोडताना आम्हाला हे कोणीही सांगितलं नाही. हातात दिलेल्या कागदावर बाळाच्या लसींच्या तारखा होत्या. आईसाठी टाक्यांच्या काळजीपलीकडे एक ओळ नव्हती. याचा राग मला आजही आहे.

प्रसूतीच्या वेळी प्रत्येक स्त्रीजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच केली आहे. त्याआधी 2017 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अशा सोबतीवरच्या, 17 देशांतल्या 26 चाचण्या एकत्र तपासल्या. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियन कमी झालं, कळांचा काळही कमी झाला. यात हौस कुठे आली? ज्या घरांत विचारायला जाणतं माणूस नाही, तिथे तर ही सोबत आधी पोहोचायला हवी.

आणि लेखाच्या शेवटी आपण ‘सेवाभावी महिलांनी पुढे यावे’ असं आवाहन केलं आहे. मध्यरात्री फोन आला की स्वतःची मुलं झोपेत सोडून निघणाऱ्या बाईने फुकट का राबायचं? डॉक्टरांना असं आवाहन कोणी करत नाही. तिला ठरलेलं मानधन हवं, तेही बाळंतिणीच्या घरच्यांच्या खिशातून नव्हे.

चौकटीत ‘डूला प्रसूती करते’ असं छापलं आहे, तेही चूक आहे. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. ते काम सुईणीचं आणि डॉक्टरांचं. कृपया याची दुरुस्ती त्याच पानावर, ठळक छापावी.

आपली,
एक नियमित वाचक