वस्ताद, पंप न उघडता गाडी चालू केलीत, त्याबद्दल

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

शेडवर तुमचे आभार मानायला लागलो तर "जा भाऊ, भरणीला उशीर होईल" म्हणून तुम्ही वाटेला लावलंत. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो. तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेलच. पण जुनी डिझेल गाडी सांभाळणाऱ्या बाकीच्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्या पहाटे तुम्ही जे केलंत ते कुठल्याही ट्रकवाल्याच्या उपयोगाचं आहे.

आमची गाडी टाटा १६१३ ट्रक, १९९८ची. पाटीवर अजून टेल्को, म्हणजे टाटा मोटर्सचं जुनं नाव, लिहिलेलं आहे. ६९७ इंजिन, सहा सिलिंडर, सिलिंडरांना दाबाने डिझेल देणारा मायकोचा इनलाइन पंप. वडिलांनी घेतलेली, आणि आजही लासलगाव-पिंपळगावचा कांदा वाशीला पोचवते. वाशीहून परतताना गाडी कसारा घाट चढून येते, तेव्हा काही तक्रार नसते. धाब्यावर जेवून पुन्हा चावी फिरवली की अर्ध्या सेल्फला चालू. पण रात्रभर उभी राहिली की पहाटे तिचा आणि आमचा छळ सुरू. निफाडकडच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर आला की इंजिन नुसतं फिरत राहायचं आणि बॅटरी बसायची. मग उतारावर गाडी लावा, माणसं जमवा, धक्का मारा. लिलावाचा माल भरून उभा आणि गाडी चालू नाही, हा घोर ज्याने अनुभवला त्यालाच कळेल.

तुमच्याकडे येण्याआधी एका गॅरेजात दाखवली होती. तिथे सेल्फचा आवाज ऐकून लगेच सांगितलं: पंप काढा, कॅलिब्रेशन करा, सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणारे सहाही नोझल बदला. खर्चाचा आकडा ऐकून आईने गाडी विकायचा विषय काढला होता. तुम्ही मात्र पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारलेत. गरम असताना कशी चालू होते? टाकी फुल असली की सकाळी फरक पडतो का? रात्री गाडीचं तोंड चढाला असतं की उताराला? दुसरा आणि तिसरा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. ड्रायव्हरने आठवून सांगितलं, टाकी फुल असली की बरी असते, तळाला गेली की जास्त त्रास देते. तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत आणि म्हणालात, "रात्री इथंच सपाटीला लावा. सकाळी मी येईपर्यंत चावीला कुणी हात लावायचा नाही."

याचं महत्त्व मला नंतर कळलं. थंड गाडीचा दोष थंड असतानाच सापडतो, आणि त्यासाठी दिवसातून एकच संधी मिळते. एकदा इंजिन पेटलं की सगळ्या खुणा पुसल्या जातात. बहुतेक गॅरेजात गाडी चालवत नेतात, म्हणजे गरम करूनच नेतात. मग मिस्त्री तरी काय शोधणार?

पहाटे तुम्ही मफलर गुंडाळून आलात तेव्हा ड्रायव्हर सवयीप्रमाणे हवेच्या नळीपाशी बोळा पेटवायच्या तयारीत होता. तुम्ही तो हातातून काढून घेतलात. स्प्रे मारून चालू केलेलं इंजिन आतून मार खातं, पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात, आणि स्प्रे मारा की जाळ दाखवा, खरा दोष तसाच राहतो, हे तुम्ही त्याला न रागावता समजावलंत. तो आता दुसऱ्यांनाही सांगत असतो.

मग एकाच सेल्फमध्ये तुम्ही दोन गोष्टी बघितल्यात. क्लीनरच्या हातात मीटर दिलात, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मला सायलेन्सरच्या तोंडाशी उभं केलंत आणि विचारलंत, "धूर कसला येतो?" दहा सेकंद सेल्फ फिरला. धूर आलाच नाही. ना पांढरा, ना काळा.

"पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही असं धरलं असतं. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझल बघितले असते. इथं तर डिझेलच पोचत नाही." हे तुमचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. पंप का उघडायचा नाही हेही तेव्हाच सांगितलंत. पंपाचे प्लंजर, म्हणजे आतले डिझेल दाबणारे दांडे, झिजले असते तर गरम गाडीला जास्त त्रास झाला असता, कारण डिझेल तापून पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटतं. आमची गाडी गरम असताना एका टिचकीला चालू होते. एवढ्या एका खुणेवर आमचे पंपाचे सगळे पैसे वाचले.

मीटरवर दीड व्होल्ट दिसत होता, अर्धाही दिसायला नको होता. म्हणजे बॅटरी चांगली असून तिचा जोर सेल्फपर्यंत पूर्ण पोचत नव्हता. चॅसीपासून इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी तुम्ही सोडलीत. बोल्टखाली गंज आणि जुन्या रंगाचा थर. डिझेल इंजिन पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा सिलिंडरच्या थंड भिंतींना उष्णता देऊन बसते आणि रिंगांमधून निसटतेही. थंडीत ऑइल घट्ट, त्यात अर्थिंग कच्ची. निम्मा त्रास तिथे होता.

उरलेला निम्मा शोधताना तुम्हाला बघणं म्हणजे शिकवणीच होती. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपावरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या, तुम्ही उघडलात आणि माझा हात त्याच्यावर ठेवलात. सुरुवातीला तो अगदी पोकळ लागत होता, दाबाला काहीच अडत नव्हतं. दाबत राहिलो तसा हळूहळू जड झाला, आणि आत डिझेल आल्याचं हाताला कळलं. मग चावी फिरवली आणि गाडी लगेच चालू! म्हणजे रात्रीतून डिझेल टाकीकडे परत जात होतं. टाकी फुल असली की पातळी वर असते, म्हणून कमी जायचं. उतारावर तोंड खाली असलं की तसंच. सगळं सोडून तुम्ही टाकीचा आणि उताराचा प्रश्न का विचारलात, ते तेव्हा उलगडलं.

पुढे तुम्ही फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडलात. गाडी चालू असताना त्यातून बारीक बुडबुडे जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिले. मग नळीचं दुसरं टोक टाकीच्या पाइपवरून काढून सरळ डिझेलच्या कॅनमध्ये सोडलंत. बुडबुडे बंद. म्हणजे खोट टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या पाइपात. क्लीनरने विचारलं, पाइप फुटलाय तर खाली डिझेल का सांडत नाही? तुम्ही म्हणालात, रस प्यायच्या नळीला भोक पडलं तर रस बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो, जास्तीचं टाकीत परत जातं, त्याच्याबरोबर थोडी हवाही निघून जाते. म्हणून घाटात कधी काही जाणवलं नाही.

पाइपावरून बोट फिरवत फिरवत तुम्ही चॅसीच्या पट्टीपाशी थांबलात. क्लॅम्पखाली पाइप वर्षानुवर्षं घासून केसाएवढी चीर पडलेली होती. वाकवल्याशिवाय दिसतही नव्हती. फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा एक कण अडकलेला निघाला, म्हणून पुढचं डिझेलही थोपत नव्हतं. नवा पाइप, पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला नवे तांब्याचे वॉशर, क्लॅम्पखाली रबर, अर्थिंगचा बोल्ट घासून स्वच्छ. एवढंच काम. जुना वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, तो वाचवायला जाऊ नये, हे सांगायला तुम्ही विसरला नाहीत. आणि काम झाल्यावर पैसे न घेता आणखी एक रात्र गाडी ठेवून घेतलीत, कारण पहाटेच्या थंडीत चालू झाल्याशिवाय तुमच्या लेखी काम पूर्ण नव्हतं. दुसऱ्या पहाटे ती अर्ध्या सेल्फला चालू झाली तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो आमच्या सगळ्यांच्या आनंदापेक्षा जास्त होता.

वस्ताद, तुम्ही लावलेलं बिल मी घरी आईला दाखवलं. तिने गाडी विकायचा विषय पुन्हा काढलेला नाही. वडील असते तर स्वतः तुमच्याकडे आले असते. त्यांच्या वतीनेही तुमचे आभार.

एक विनंती आहे. आमच्या ड्रायव्हरचा धाकटा भाऊ आयटीआयला मेकॅनिक डिझेल करतोय. हाताने चांगला आहे, पण त्याला सांगणारं कुणी नाही. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला तुमच्याकडे पाठवू का? राहायची सोय आमची. त्याला पहाटे उठायची सवय आहे. नातवाकडून एक फोन करून सांगा.

तुमचा,
निफाड तालुक्यातला कांद्याचा ट्रकवाला