परीच्या स्लीपओव्हरआधी

चिऊ,

परी शुक्रवारी पहिल्यांदाच मैत्रिणीकडे झोपायला जाणार म्हणे, मज्जा आहे बाई. पण त्याआधी त्या आईला एक विचार, घरात बंदूक आहे का आणि असली तर रिकामी करून कुलपात ठेवलीय ना. नाक मुरडू नकोस.

तू दुसरीत असताना एका मैत्रिणीकडून आलीस आणि म्हणालीस तिच्या बाबांच्या ड्रॉवरमध्ये खरं पिस्तूल आहे. मी काय केलं? काही नाही. आपण नवीन, विचारलं तर त्यांना काय वाटेल, म्हणून तुला परत तिकडे पाठवलंच नाही आणि होमवर्कचं कारण देत बसले, तू किती रडलीस. आणि बाकीची पोरं जातच होती की त्या घरात, त्यांच्या आयांना तरी मी कुठे सांगितलं.

हे सरळ विचारायचं असतं हे मला लाल टी-शर्टवाल्या मॉम्स डिमांड ॲक्शनच्या, म्हणजे बंदुकांच्या हिंसेविरुद्ध उभ्या राहिलेल्या आयांच्या संघटनेच्या बायकांनी शिकवलं, खूप उशिरा. 2012 च्या डिसेंबरात इथे अमेरिकेत सँडी हुकच्या शाळेत गोळीबारात 20 मुलं आणि 6 मोठी माणसं गेली, दुसऱ्याच दिवशी इंडियानातल्या शॅनन वॉट्सने फेसबुक ग्रुप काढला, तिथून हे सगळं. आपल्या जॉर्जियाची लूसी मॅकबाथ त्यांच्यातलीच, डेल्टा एअरलाइनमध्ये एअर होस्टेस होती. तिचा 17 वर्षांचा जॉर्डन, जॅक्सनव्हिलला गॅस स्टेशनवर मारला त्याला, का तर गाडीत गाणी मोठ्याने लावली होती. 2018 ला ती बाई निवडून काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत गेली.

आणि शिकागोत एंगलवूडच्या आया, त्या तर 2015 पासून उन्हाळ्यात रस्त्याच्या कोपऱ्यावर खुर्च्या टाकून बसतात, ग्रिल पेटवून पोरांना खाऊ घालतात आणि लक्ष ठेवतात, आजीच्या चाळीत बायका गॅलरीत बसायच्या ना अगदी तसं. 2019 मध्ये त्याच कोपऱ्यावर दोन आया गोळ्या लागून गेल्या. बाकीच्या परत तिथेच येऊन बसल्या. आणि मला एक फोन करायची लाज वाटत होती!

मागच्या वर्षी ओम माझ्याकडे होता तेव्हा मी ॲलर्जीला जोडूनच विचारायचे, शेंगदाणे चालत नाहीत, कुत्र्याला घाबरतो, आमच्याकडे बंदूक नाहीये, तुमच्याकडे असली तर लॉक आहे ना? एकीने लगेच तिजोरीचा फोटो पाठवला, एकीने फोनच ठेवला, मग तिच्याकडे नाही पाठवलं.

तुला जमत नसेल तर नंबर दे, मी करते. आणि परीची निळी चादर बॅगेत टाक, त्याशिवाय झोपत नाही ती.

आई